साहेबांचा रेडिओ आणि एक पूर्ण गाणं

मी एक जुना रेडिओ आहे आणि माझ्यासमोर लावलेली पाटी खोटी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही शाळेच्या सहलीत या संग्रहालयात येता, काचेला नाकं लावता, पाटी मोठ्याने वाचता आणि पुढच्या कपाटाकडे पळता. पाटीवर लिहिलंय, 'साहेबांचा लाडका रेडिओ. देशाच्या गुप्तचर खात्याचा भार वाहतानाही साहेबांनी संगीताची आवड जपली.' रोज कुणी ना कुणी ते वाचतं आणि रोज माझ्या डोक्यात तिडीक जाते. कसली आवड आणि कसलं संगीत? त्या माणसाने माझ्यावर उभ्या आयुष्यात एक गाणं आवडीने ऐकलं नाही.

थांबा. रागावलो की मी मधूनच सुरू होतो. पहिल्यापासून सांगतो.

एका लांबलचक कारखान्यात, खिडकीलगतच्या बाकांवर बसलेल्या बायकांनी मला जोडलं. शेवटच्या बाकावरची बाई तपासणी करायची. तिने माझा काटा फिरवून एक गाणं पकडलं, त्याच्याबरोबर गुणगुणत माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "याचा गळा छान आहे गं." मी हुरळून गेलो. मला वाटलं, आपलं आयुष्य आता गाण्यात जाणार.

दुकानात मला घ्यायला एक तरुण जोडपं आलं. नवरा नुकताच परराष्ट्र खात्यात लागला होता आणि त्याची पहिलीच नेमणूक परदेशातल्या वकिलातीत झाली होती. हेच आपले साहेब. पुढे सगळे त्यांना साहेब म्हणायला लागले, म्हणून मीही म्हणतो. बायकोला हाताखालची माणसं वहिनी म्हणत. दुकानदार माझ्या गोड आवाजाचं कौतुक करत होता. साहेबांनी एवढंच विचारलं, "मोठा किती होतो?"

दुकानदाराने आवाज पूर्ण चढवला. समोरच्या सलूनमधला गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आला.

"चालेल," साहेब म्हणाले.

"अहो, एखादं गाणं तरी ऐकून बघा," वहिनी म्हणाल्या.

"घरी ऐकू."

ते घरी ऐकणं काही झालं नाही.

मित्रांनो, राजनैतिक अधिकारी परदेशात राहतो तेव्हा त्याच्या घरात चोरून ऐकणारे पुष्कळ असतात. दिव्याच्या बैठकीत, टेलिफोनच्या पोटात, पलंगाच्या पायात इवलीशी यंत्रं लपवलेली असतात. म्हणून काही नाजूक बोलायचं झालं की साहेब मला दोन माणसांच्या मध्ये ठेवायचे, मोठ्याने लावायचे आणि माझ्या आवाजाखाली डोकं डोक्याला लावून बोलायचे. त्यातही त्यांचं एक शास्त्र होतं. गाण्यामागून माणसाचं बोलणं वेगळं काढता येतं म्हणे, पण बोलण्याखालचं बोलणं काढायला फार अवघड जातं. म्हणून त्यांना बाजारभाव चालत, शेतीवरची भाषणं चालत, संसदेतली वादावादी चालत असे. गाणं लागलं की ते तिथल्या तिथे काटा सरकवायचे.

मी जीव तोडून गळा साफ ठेवायचो आणि माझ्याकडून काय बोलून घेतलं जायचं, तर कांद्याची आवक आणि खतांच्या गोण्या. आणि तेसुद्धा ऐकायला नाही. मला लावायचं, ते दुसऱ्याला काही ऐकू येऊ नये म्हणून. गवयाला आणून दार धरायला उभा केल्यासारखी माझी गत होती.

घरात मला 'डबा' म्हणत. साहेबांना लेक झाली, ती बोलायला लागली, तसं वहिनींनी तिला शिकवलं, "डबा लागला की आपण दोघींनी बाहेर जायचं." बिचारी पोर खेळ अर्धा टाकून उठायची. "बाबा, एक गाणं लावा ना," ती दारातून म्हणायची. "उद्या हं," साहेब म्हणायचे. सेल संपले की ते बदलायचं काम मात्र तिचं. ती ते इमानाने करायची, कारण सेल घालताना घटकाभर मी तिच्या एकटीच्या हातात असायचो.

बदल्या होत गेल्या, देश बदलले, पडदे बदलले. मग एका थंड शहरात साहेबांना एक दुभाषीबाई भेटली.

ती तिथल्या सरकारची दुभाषी. आपल्या लोकांबरोबर त्यांच्या मंत्र्यांच्या बैठका व्हायच्या, तेव्हा मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. गोरीगोमटी, ठेंगणी, बोटांना कायम शाई लागलेली. म्हाताऱ्या वडिलांबरोबर दोन खोल्यांत राहायची. आपली भाषा ती अशी बोलायची की वहिनी हसून म्हणायच्या, "तुम्ही मागच्या जन्मी आमच्या शेजारीण असणार." लेकीला तिने तिथली भाषा शिकवली. लेक तिला मावशी म्हणायची. लेकीला मोठं दुखणं आलं तेव्हा डॉक्टरांशी बोलायला हीच उशाशी बसून राहिली होती, आणि साहेब कुठल्याशा मेजवानीत होते.

एकदा साहेबांनी तिच्यासमोर मला लावलं, तर गाणं लागलं. एका बाईने म्हटलेलं, संथ, साधं गाणं. साहेबांचा हात सवयीने काट्याकडे गेला. ती म्हणाली, "साहेब, एवढं संपू दे." आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. साहेब घड्याळ बघत बसले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, हलली नाही. कारखान्यातल्या त्या बाईनंतर मला ऐकणारी तीच. गाणं संपल्यावर म्हणाली, "आता लावा तुमचं भाषण."

भाषण लागलं, गुरांच्या खुरांच्या रोगावरचं. त्या भाषणाखाली तिने साहेबांना सांगितलं की तिचं सरकार आपल्याशी तह करायच्या गोष्टी बोलतंय आणि तिकडे सीमेवर फौज हलवतंय. ती म्हणाली, "लढाई झाली तर दोन्हीकडची पोरं मरतील. म्हणून सांगते." साहेबांनी तिच्याकडे वाकून, माझ्या कानाशी म्हणावं इतक्या जवळून सांगितलं, "तुमच्यावर कधी बालंट आलं तर तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना मी बाहेर काढीन. माझा शब्द आहे." हा शब्द तिघांनी ऐकला. तिने, त्यांनी आणि मी.

त्यानंतर ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. आणि साहेब आपल्या राजधानीला काय कळवायचे? 'माझ्या अनुभवावरून मला असं वाटतं की...' तिचं नाव नाही, तिची खूण नाही, कुठेच काही नाही. तिच्या जिवासाठी नाव लपवलं असतं तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण शाबासकी आली ती त्यांनी खुशाल पाठीवर घेतली. साहेबांना माणसं वाचता येतात, साहेबांना पुढचं दिसतं, असा डंका झाला. राजधानी वेळेत सावध झाली आणि लढाई टळली. साहेब राजदूत झाले. मग सरकारने त्यांना मायदेशी बोलावून थेट गुप्तचर खात्याचं प्रमुख केलं. वकिलातीतला माणूस हेरांच्या डोक्यावर बसवला म्हणून जुने अधिकारी कुरकुरले, तेव्हा पहिल्याच सभेत साहेब म्हणाले, "आपल्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याला आपण वाऱ्यावर सोडत नाही. हे माझं पहिलं आणि शेवटचं तत्त्व." टाळ्या पडल्या. हे मला वहिनींनी कौतुकाने सांगितलं. हो, त्या माझ्याशी बोलायच्या, घरात दुसरं कोण होतं?

आता मायदेशात, स्वतःच्या बंगल्यात कोण चोरून ऐकणार? ऐकणाऱ्यांचे धनी तर हेच. तरी सवय गेली नाही. अभ्यासिकेत कुणी आलं की मला लावायचेच. फरक एवढाच पडला की लेक लग्न होऊन गेली होती. शेकडो माणसं हाताखाली, पण माझे सेल बदलायला त्यांतलं एकही नाही. कुणाच्या कामात ते बसतच नव्हतं.

एका संध्याकाळी उपप्रमुख घाईघाईने आले. उमदा माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. साहेबांनी मला लावलं. धरणांच्या पाणीसाठ्याची माहिती चालू होती.

"साहेब, तिकडे दुभाष्यांची चौकशी सुरू झालीय. एका बाईने आपल्या वकिलातीत निरोप पाठवलाय. म्हणते, साहेबांना सांगा, गाणं पूर्ण झालं, आता शब्द पाळा. आपली माणसं सीमेपाशी तयार आहेत. आजच्या आज तिला आणि वडिलांना काढता येईल. पण आपल्या दप्तरात ती कुठेच नाही. ती आपली आहे एवढं तुम्ही म्हणा, बाकी मी बघतो."

मित्रांनो, एक 'हो' हवा होता. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, ती आपली तर मग ते अनुभवावरून वाटणं कुणाचं? मी पाणीसाठा सांगत होतो आणि माझी ताकद सरत होती. सेल कधीचे मरायला टेकले होते. माझा आवाज घोगरा झाला, खाली आला, आणि बंद पडला. त्याच घटकेला साहेब बोलले. माझ्या आवाजावर चढून बोलायची सवय, त्यामुळे ते शब्द सगळ्या घरात गेले.

"अशी कुठली दुभाषी मी ओळखत नाही."

दारात वहिनी कधीच्या उभ्या होत्या; माझ्या मरत्या आवाजाखालून त्यांनी तो निरोपही ऐकला होता. हातात चहाचा ट्रे. उपप्रमुखांनी मान खाली घातली आणि निघून गेले. वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला.

"ओळखत नाही?"

साहेबांनी माझं बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी लागलो नाही, आणि सेल ताजे असते तरी लागलो नसतो, असं मला म्हणावंसं वाटतं.

"हळू बोल," साहेब म्हणाले.

"कुणापासून हळू? ऐकणारे आता तुम्हीच ना? लेकीच्या उशाशी कोण बसलं होतं, तेही ओळखत नसाल."

"तुला यातलं कळत नाही. यात देशाचं हित असतं."

"देशाचं का तुमचं? तो फोन उचला आणि हो म्हणा. मला बाकी काही नको."

"बघतो मी."

त्यांनी बघितलं नाही. वहिनी फोनपाशी बसून राहिल्या आणि साहेब चहा पिऊन कपडे बदलायला गेले. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. दोन दिवसांनी उपप्रमुख पुन्हा आले. साहेबांना भेटलेच नाहीत, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "वहिनी, तिला घेऊन गेले. वडिलांसमोरून नेलं. आता आपल्या हातात काही नाही." वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग मला उचलून कपाटात ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, "यापुढे या घरात जे बोलायचं ते उघड बोलायचं." साहेब त्यानंतर घरात फारसं बोललेच नाहीत.

साहेब निवृत्त झाले. पदक मिळालं. खात्याने हे संग्रहालय काढलं, साहेबांकडे एखादी आठवण मागितली, त्यांनी मला दिलं. संगीताची आवड वगैरे त्यांनीच सांगितलं की पाटी लिहिणाऱ्याच्या मनची भर, ते मला ठाऊक नाही. खोडून मात्र काढलं नाही.

उद्घाटनाला तुमच्यासारखीच मुलं बोलावली होती. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने पाटी वाचली आणि सरळ विचारलं, "आजोबा, तुमचं आवडतं गाणं कोणतं?"

साहेब हसले. देशोदेशीच्या मंत्र्यांना बोलण्यात गुंडाळणारा माणूस, त्याला एका गाण्याचं नाव आठवेना. वेळ निभवायला संग्रहालयाच्या व्यवस्थापकाने माझ्यात नवे सेल घातले आणि मला लावलं. गाणं लागलं, आणि साहेबांचा हात आपसूक पुढे आला. त्यांनी काटा सरकवला. कसलं तरी बातमीपत्र सुरू झालं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. साहेब व्यवस्थापकाच्या कानाशी वाकले आणि माझ्या आवाजाखाली बोलायला लागले. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी हात लांब करून मला बंद केलं.

"...आमच्या हिला गाडीत नेऊन बसवा, मुलांसमोर काहीतरी बोलेल," एवढं सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

वहिनी त्या मुलीपाशी गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "बाळ, यांनी या रेडिओवर गाणं कधी ऐकलं नाही. एकदाच एक पूर्ण गाणं वाजलं, ते एका बाईने ऐकलं. तिच्यामुळे लढाई टळली. यांनी तिला शब्द दिला होता."

"मग ती आता कुठे आहे?"

वहिनी उभ्या राहिल्या. "ते यांना विचार."

मुलीने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाटीकडे पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी सगळ्यांना पेढ्यांकडे वळवलं, माझे सेल काढले आणि काच लावून घेतली.

तर मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी तुम्हाला सांगतात, जुन्या वस्तूंना जपा, त्यांवरची धूळ पुसा. मला धुळीचं काही वाटत नाही. तुम्ही एवढंच करा. घरात मोठी माणसं उगाचच रेडिओ मोठा करून कुजबुजायला लागली तर बाहेर जाऊ नका. आणि इथे आलात की पाटी वाचून पळू नका. इथल्या माणसाला विचारा, ती बाई कुठे आहे? तो म्हणेल, अशी कुठली बाई आम्ही ओळखत नाही. तरी विचारा. मग पुढच्या वर्गालाही विचारायला सांगा.