काच आपोआप फुटते होय?

यादिराने साबणाकडे हात नेला आणि शॉवरचं काचेचं दार बार उडाल्यासारखं फुटलं. तिचा धक्कासुद्धा लागला नव्हता. भिंतीला नुसत्या बिजागऱ्या उरल्या, फरशीभर काचेचे खडे पसरले. ओल्या, उघड्या अंगाने ती कोपऱ्यात चिकटून उभी राहिली. टॉवेल समोरच्या भिंतीवर, बाथरूमच्या दाराची कडी त्याच्याही पलीकडे.

"काय आपटलंस?" बाहेरून सासूने, रोसमिराने विचारलं. यादिरा तिला मानाने 'दोन्या' म्हणायची.

"काही नाही. आपोआप फुटली."

"काच आपोआप फुटते होय? कालपासून तोंड फुगवून फिरतेयस, आदळलं असशील."

यादिराने पाऊल टाकलं. टाचेत खडा रुतला, ती मागे सरली. नवरा विल्मर जहाजावर. बारांकिया शहरातल्या या घरात दूध नासलं तरी तिलाच जाब, आणि तिचं सांगणं कुणाला पटलं असं कधी झालं नव्हतं.

"दार उघड, बघू दे."

"कडीपर्यंत येता येत नाही, दोन्या रोसमिरा. सगळीकडे काच आहे."

"मग बस तिथेच."

चपलांचा आवाज लांब गेला. शॅम्पूच्या बाटलीने खडे सारत यादिरा पाऊलभर जागा करत गेली. कडी काढली तेव्हा मागे टाचेचे लाल ठसे होते.

दुसऱ्या दिवशी काचवाला ओल्मेदो आला. ढिगातून त्याने फुलपाखराच्या पंखांसारखे जोडलेले दोन तुकडे उचलले. मध्ये बारीकसा काळा ठिपका होता.

"हा बघा चोर. काच वितळवताना निकेल-गंधकाचा कण आत राहतो. मजबुतीसाठी काच तापवून झटकन गार करतात, तेव्हा तोही आकसलेलाच अडकतो. मग वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो. काच आतून आधीच ताणलेली असते. एक दिवस फुटते."

"अरेरे, म्हणजे कुणाचाच दोष नाही," रोसमिरा म्हणाली. मग सुनेकडे वळली. "तसं सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. आता दार नको, पडदा लावूया."

"घर माझं आहे. दारच बसवा."

"नव्या दारातही कण असेल?" यादिराने विचारलं.

"असू शकतो," ओल्मेदो म्हणाला. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

संध्याकाळी विल्मरचा फोन आला. आधी आईच बोलली, सगळं सांगून टाकलं. मग फोन यादिराच्या हाती आला.

"आईची माफी माग गं," तो म्हणाला. "मिटून जाईल."

"कशाची?"

आणि उत्तराची वाट न बघता यादिराने फोन सासूच्या हाती परत दिला.