वामनाचा धडा

मेहकरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन आल्यापासून द्वारकाबाईंनी आपल्या आठवड्यात कुठे फट म्हणून ठेवली नव्हती. दिवसा वर्ग, संध्याकाळी सातवीच्या परीक्षेची शिकवणी आणि रविवारी पोरींना घेऊन पैनगंगेच्या काठी वनभोजन. बिनकुंकवाच्या कपाळाची ती पोरसवदा बाई दमली की झोपायची, एवढंच.

शिकवणीला कौतिका यायची, नुकतीच सासरी नांदायला आलेली. वाचायची खडखडीत, पण बळीराजाच्या धड्यात 'वामन' आला की ओठ मिटून बसायची. तिच्या नवऱ्याचं नाव वामनराव होतं.

"परीक्षेत तपासणीच्या साहेबांनी हाच धडा वाचायला काढला तर?" द्वारकाबाई कडाडल्या.

"मले नाई जमत, बाई. नाव घेतलं का धन्याचं आयुष्य घटते."

"खुळी कुठली!" बाईंनी पुस्तक आपटलं. कौतिका रडत घरी गेली.

रविवारी नदीवर पोरींनी भाकरीची फडकी सोडली, तरी कौतिका दूरच बसून राहिली. द्वारकाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. 

"मलाही सासूनं हेच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही, कौतिका. मनातसुद्धा नाही. तरी लग्नाच्या वर्षभरातच ते गेले."

कौतिकेनं मान वर केली. "काय नाव होतं त्यायचं, बाई?"

बाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग त्यांनी नाव उच्चारलं, जन्मात पहिल्यांदा. आणि कुणी विचारलं नसताना, हळूच, पुन्हा एकदा.