दुसरी डबी

करुणानं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि चाक हळूहळू फिरवलं. निळ्या पेशींच्या गर्दीत बारीक लाल काड्या दिसल्या. क्षयाचे जंतू. शिक्रापूरच्या दवाखान्यात थुंकी तपासायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. पुन्हा बघायची गरज नव्हती.

डबीवर नाव सविताचं होतं. तळेगाव ढमढेऱ्याची ही बाई काल पहिल्या डबीत करुणाच्या समोरच थुंकली होती. त्यात छातीतला कफ नव्हताच, नुसती लाळ आणि गालाच्या आतल्या पेशी निघाल्या होत्या. पसरट, पातळ, मधोमध केंद्रकाचा ठिपका. जंतू एकही नाही. आजची डबी मात्र घरून भरून आली होती. तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, ती आणून दिली होती.

करुणानं सविताला आत बोलावून दार लोटलं.

"ताई, खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

सविता पदराचं टोक चिमटीत धरून बसली. बाहेर गाडीजवळ रविराजला खोकल्याची उबळ आली होती. ती उबळ बराच वेळ थांबली नाही.

"ही डबी कुणी भरली?"

"तुमाला कळलंय की, मॅडम. त्ये सोसायटीच्या निवडणुकीला उभं हायेत. गावात कळाया नको म्हणून माझं नाव दिलं. त्येंना संशय आला तवाच घरातबी सांगितलं, हिलाच टीबी झालाय. माझं ताट येगळं केलं. सासूबाई पोरीला जवळ येऊ देत न्हाईत. तीन आठवडं झालं, ती दारातनंच बघती."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"माझ्या नावावर का हुईना, गोळ्या तरी घेतील, म्हटलं."

"गोळ्या वजनावर असतात, ताई. तुमचं किती?"

"एक्केचाळीस."

"त्यांचं?"

"ऐंशीच्या वर."

"मग तुमच्या मापाच्या गोळ्या त्यांना पुरायच्या नाहीत. जंतू मरणार नाहीत, उलट निबर होतील. पुढं औषधच लागू पडणार नाही."

सवितानं खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. मग ती उठली, चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली.

"लिवा, टीबी मलाच झालाय न्हवं," ती म्हणाली. "एक्केचाळीस."

करुणानं काही न लिहिताच रजिस्टर मिटलं. दार उघडून तिनं हाक मारली, "रविराजराव, आत या. तुमचं वजन करायचंय."

पायरीवर त्याची पावलं वाजली. सविता काट्यावरून उतरली नाही.