मेलेलं लोखंड

ढवळूचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. दुष्काळाच्या साली ठाण्याला भंगारवाल्याकडे राबला, तिथं एवढी एकच विद्या शिकला: चुंबकाला चिकटलं ते लोखंड, बाकी कचरा. येताना चुंबकाचा तुकडा कनवटीला लावून आणला. तेव्हापासून हा गडी सगळं जग त्यावर पारखायला निघाला!

बाळंतपणानंतर त्याची बायको रुपी पांढरीफटक पडली. उठली की भोवळ. ढवळू आपल्या वांगणी गावाहून पायपीट करत जव्हारला शरीफ हकीमांकडे गेला. हकीम लोखंडाचा कुश्ता, म्हणजे भस्म, करायचे. कीस रसात खलायचा, आगीत घालायचा, पुन्हा खलायचा. याला ते लोखंड ‘मारणं’ म्हणत. त्यांनी तांबडी पूड बांधून दिली.

“लोखंड आहे. चिमूटभर मधातून दे.”

वाटेत ढवळूने चुंबक धरला. पूड जागची हलेना. झालं, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. लोखंड म्हणतो नि विटेचा चुरा देतो? घरी येऊन त्याने रुपीसमोर पुन्हा चुंबक फिरवला. “बघ, चिकटत नाही म्हणजे खोटं. म्हाताऱ्याने विटेचा चुरा देऊन फसवलं.” आणि पूड ओहोळात फेकली.

महिन्याभरात रुपी अंथरुणाला खिळली. तेव्हा हा भांडायला जव्हारला गेला. हकीमांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक काळी भुकटी पुढे ठेवली. चुंबक नेताच ती टुणकन चिकटली.

“हिला दोनच आगी दिल्यात. अजून जिवंत आहे, पोटात गेली तर आतडी कुरतडेल,” हकीम म्हणाले. “साठ आगींनी मेलं की तांबडं होतं. इतकं बारीक, की बोटाच्या रेघांत शिरतं. मग चुंबक त्याला ओळखत नाही, रक्त ओळखतं. वेड्या, विचारायचं तरी होतंस.”

ढवळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हकीमांनी उरलेली शेवटची पुडी दिली. ती घेऊन तो जवळजवळ पळतच घरी आला. मधात कालवून बोट रुपीच्या तोंडाशी नेलं. तिने ओठ मिटून घेतले.

त्याने चुंबक काढला. “हे बघ. चिकटत नाही म्हणजे खरं.”

“तवा म्हणालास, चिकटत नाही म्हणजे खोटं.” तिचा आवाज पार खोल गेला होता. “तुझंच ऐकलं मी. आता मलाच चुरा चारतोस?”

ती भिंतीकडे वळली. ढवळू शपथा घालत राहिला, पण तिने काही तोंड उघडलं नाही.