तुरटी हरली तो दिवस

मी तुरटी बोलतेय. खडीसाखरेसारखी दिसते म्हणून चाटायला जाऊ नका, तोंड वाकडं होईल!

कारखान्याच्या कढईतून निघाले ती एका न्हाव्याच्या आरशासमोर येऊन बसले. गिऱ्हाईक हललं, वस्तरा लागला, की मालक मला ओलं करून फिरवायचे. रक्त बंद! वस्तऱ्याने करावं आणि मी निस्तरावं, असा आमचा संसार. त्यामुळे मी जरा शेफारलेच होते.

मग मालकांना रक्ताचा कॅन्सर झाला. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, फारच कमी झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, "काका, वस्तरा बंद. कुठूनही रक्त आलं तर लगेच घंटा वाजवा."

मालकांनी मान डोलावली आणि माझ्यासकट दाढीची पिशवी उशीखाली सरकवली. दुपारी लेक येणार होती. खुंट वाढलेलं तोंड तिला कसं दाखवायचं?

अर्ध्या दाढीतच हनुवटीला एवढंसं कापलं. त्यांनी मला फिरवलं. मी जीव तोडून झोंबले, पण रक्त थांबेना. टॉवेल भिजला, मग नाकातूनही धार लागली. तरी घंटा वाजेना! मला हात असते तर मीच वाजवली असती.

मालकीणबाई डबा घेऊन आल्या आणि किंचाळल्याच. सिस्टर धावल्या. मालकांना पुढे वाकवून त्यांनी नाक चिमटीत धरलं, हनुवटी दाबून ठेवली. मग प्लेटलेटची पिवळी पिशवी सलाईनसारखी लावली.

"काका, घंटा का नाही वाजवलीत?"

"सिस्टर, चाळीस वर्षं न्हावी आहे मी. कापलं म्हणून घंटा वाजवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी काय म्हणतेय ते आधी ऐका!"

पिशवी रिकामी होत आली तसं रक्त थांबलं. मला तिचा हेवा वाटला, पण पाया पडावंसंही वाटलं. लेक आली आणि गहिवरून म्हणाली, "बाबा, अर्धे छान दिसताय."

आता मालक बरेच सावरलेत, थोडा वेळ दुकानात बसतात. मी झिजून बदामाएवढी उरलेय. दुकानामागेच घर आहे, म्हणून मालकीणबाईंनी माझ्याशेजारी एक घंटा आणून ठेवलीय. पुरती विरघळून जाण्याआधी तुम्हालाही एवढंच सांगते, रक्त थांबत नसेल तर माझ्या भरवशावर राहू नका.

परवा मालकांच्या हिरडीतून जरासं रक्त आलं. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला, थबकला, आणि त्यांनी घंटा वाजवली. मी कोरडीच राहिले, आणि इतकी खूश मी कधीच नव्हते.