अंजनाबाईंचा नवा तळवा

भूल देण्याआधी कुणी देवाचं नाव घेतं, कुणी पोराबाळांचं. सावनेरच्या अंजनाबाईंनी भूल देणाऱ्या डॉक्टर शोभाताईंनाच दम भरला. "बाई, हात गेला तं मले उठवूच नका. माही लेक देवकी पोटुशी हाय. तिच्या लेकराले न्हाऊ कोन घालन?"

अख्ख्या मोहल्ल्याची बाळं या बाईंनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात सापडला आणि तळव्याचं कातडं-मांस निघून आतली हाडं उघडी पडली. डॉक्टर वानकर जांघेतला मांसाचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट उचलून तिथं बसवणार होते. दुर्बिणीखाली, केसाहून बारीक धाग्यानं नस नसेला जोडायची! चौऱ्याऐंशी साली नागपुरात हे नवलाचंच काम होतं.

"उठवणार, आणि दोन्ही हातांनिशी उठवणार," शोभाताई म्हणाल्या. बोलून तर बसल्या!

नसा जोडल्या, तुकडा छान गुलाबी झाला आणि इकडे रक्तदाब घसरायला लागला. शोभाताईंनी सलाईन सोडलं, भूल हलकी केली, तरी दाब वर येईना. लघवीची पिशवीही जवळपास कोरडी. एवढं रक्त तर गेलं नव्हतं! त्यांनी तुळसाबाई आयाला बाहेर पिटाळलं. "नवऱ्याला विचार, हिनं शेवटचं पाणी कधी प्यायलं?"

तुळसाबाई धावतच परतल्या. "परवापासून थेंब नाही घेतला म्हन्ते तो. तुमी रातीपासून पानी बंद सांगतलं, तं या दोघायनं म्हटलं, काम मोठं हाय, आपन आधीपासूनच धरू. तो बी तसाच उपाशीतापाशी बसून राह्यला."

"धन्य आहे बाई या जोडीची!" शोभाताईंना राग आला आणि कीवही. सलाईन भरभर जात होतं, पण अंगातलं पाणी भरून येईपर्यंत दाब धरायला तर हवा. "डॉक्टर, मी दाबाचं इंजेक्शन देते."

वानकर दुर्बिणीतून डोळे न काढताच ओरडले, "अजिबात नाही! त्या औषधानं नसा आवळतात. ही नस आवळली तर तुकडा काळा पडेल. हात गेलाच मग!"

"आणि दाब असाच राहिला तर जोडात रक्त थिजेल, तेव्हाही हात गेलाच. इकडे आड, तिकडे विहीर. अगदी थोडं देते, तुम्ही तुकड्यावर नजर ठेवा."

"काळा पडला तर?"

"तर तिला मीच सांगेन."

सांगायला तोंड कुठून आणणार होत्या, देव जाणे. त्यांनी जपून, थोडं थोडं करत औषध सोडलं. दाब चढला. वानकरांनी तुकड्यावर बोट दाबलं आणि उचललं. तिथं पांढरा ठिपका उमटला, तो पांढराच राहिला. मग हळूहळू कडेकडेनं रंग आला आणि ठिपका भरून गेला. वानकरांनी पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आला की हो रंग," ते म्हणाले. शोभाताई स्टुलावर बसूनच गेल्या.

संध्याकाळी अंजनाबाई नीट शुद्धीवर आल्या. पट्टीत ठेवलेल्या मोकळ्या जागेतून शोभाताईंनी नव्या तळव्यावर बोट टेकवलं.

"काहीच समजत नाही, बाई," अंजनाबाई रडवेल्या झाल्या. "मेला ना हात?"

"अहो, जिवंत आहे. जाण यायला महिने लागतात."

"तुमी चांगलंच सांगान. यायले बलवा."

शोभाताईंनी तिच्या नवऱ्याला, नत्थूजींना, साबणानं हात धुवायला लावले आणि मगच जवळ येऊ दिलं. त्यांनी भीत भीत बोट टेकवलं. ओठ पार सुकलेले, पण डोळे भरून आले.

"गरम हाय वं," ते म्हणाले. "न्हाऊ घातलेल्या लेकरावानी गरम हाय."

अंजनाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग उभे काहून? आधी पानी प्या."

"आधी तू."

"अवो, तुमीच आधी!"

तिथंही दोघांचा वाद लागला. शोभाताईंनी चमचाभर पाणी अंजनाबाईंच्या ओठांना लावलं आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा गिलास नत्थूजींच्या हातात दिला.