खिडकीचं बिल

दोन ब्रेक असलेली गाडी.

प्लास्टरमधलं मनगट. त्यावर कुणीतरी पेनाने काढलेली मिशी.

"संध्याकाळी येतो, रोख घेऊनच." गिऱ्हाइकाचा निरोप.

औषधे व साहित्य. पुढे एवढा आकडा, की धाकट्याने चष्मा पुसून पुन्हा वाचला.

आता हे सगळं एका दावणीला बांधू. ताई लोकांना गाडी चालवायला शिकवायची; दुसरा ब्रेक तिच्या पायाशी. आई घसरून पडली, मनगट मोडलं, हॉस्पिटलात राहिली. आज घरी सोडणार होते. आणि बिल भरायला ताईची शिकवायची गाडी विकायची, हे धाकट्या भावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"भर आणि चल ना, ताई. घासाघीस करायला ही काय भाजी आहे?"

"घासाघीस नाही. वाचणार आहे."

काउंटरवरचा कारकून म्हणाला, "सगळे असंच भरतात, मॅडम."

"एकेक वस्तू वेगळी लिहिलेलं बिल द्या. मागता येतं ना?"

येत होतं. त्याने तोंड वाकडं करून पानं छापली.

ताई आईच्या खाटेवर मांडी ठोकून बसली.

"सलाईन."

"लावलं."

"प्लास्टर."

"हे काय, दिसत नाही?"

"पोटात टोचायचं इंजेक्शन. रोज दोन."

"पडले हातावर आणि टोचतील पोटात? ती शेजारच्या आजींना होती. कळवळायच्या बिचाऱ्या."

"मग आपल्या बिलात कशी?"

आई ओशाळली. "आम्ही खाटा बदलल्या होत्या गं."

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नर्सबाई पेशंटना खाटेवरून हाक मारायच्या: एक 'खिडकी', एक 'दार'. आई दारातून खिडकीत आली, कॉम्प्युटरनेही तशी नोंद घेतली. नर्सबाईंची जीभ मात्र जुन्याच वळणावर. आजींच्या इंजेक्शनच्या चिठ्ठीवर 'खिडकी', आणि बिल आईला.

"आईला दिलेल्या औषधांचा तक्ता दाखवा. तुम्ही सही करता तो."

नर्सबाईंनी तक्त्यावर बोट फिरवलं. इंजेक्शन एकही नाही. "अगं बाई! त्या आजी दाराशी गेल्या, तरी माझ्या तोंडी खिडकीच!"

इंजेक्शनं वगळली. उरलेलं घरातल्या पैशात भागत होतं.

"मी म्हणतच होतो," धाकटा म्हणाला.

"काय म्हणत होतास, ते गिऱ्हाइकाला फोन करून सांग. गाडी विकायची नाही."

कारकुनाने नवं बिल पुढे सरकवलं. ताईने पैसे काढले नाहीत.

"आमच्या गोळ्या यात नाहीत. 'दारा'च्या बिलात गेल्या असतील. त्या इकडे घ्या."

"त्यांची तक्रार नाही, मॅडम."

"मी सांगतेय ना."

"ताई, हे कशाला उकरतेस आता?" धाकटा कुजबुजला.

ताई काउंटरवर कोपरं टेकून उभी राहिली. मागची रांग चुळबुळली. कारकुनाने उसासा टाकून दोन्ही बिलं पुन्हा उघडली.

खाटा बदलायचं शेजारच्या आजींनीच सुचवलं होतं. त्यांना खिडकीतला उजेड सोसत नव्हता.